बोलल्याशिवाय खिडकी सोडायची नाही

मिलीबाईला आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं आहे. व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीशी रोज सकाळी येणारे त्रेपन्न रुग्ण तिला मिलीबाईच म्हणतात. त्याला कारण तिचं मोजणं. औषधाचा छोटा पेला ती डोळ्यांच्या रेषेत धरते, श्वास रोखते, आणि चाळीस मिली म्हणजे बरोबर चाळीस मिली होईपर्यंत रांगेला खोकायचीही सोय नसते. एक थेंब जास्त पडला तर ड्रॉपरने काढून घेते आणि त्या थेंबाची वेगळ्या वहीत नोंद करते. त्या वहीत गेल्या वर्षी एकोणीस थेंब जमा झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, "याचं करायचं काय?" तर म्हणाली, "करायचं काही नाही. असावेत."

आता हे औषध म्हणजे काय, ते सांगायला हवं. हे त्रेपन्न जण कधी ना कधी अफूच्या जातीच्या नशेत गळ्यापर्यंत बुडालेले. कुणी पुडीच्या, कुणी सुईच्या, कुणी पाठदुखीच्या गोळ्यांच्या वाटेने तिथे गेला. आता ते रोज सकाळी येतात, मोजून दिलेलं लाल, कडवट-गोड औषध पितात, आणि मग दिवसभर त्यांचे हात थरथरत नाहीत, कामावर जाता येतं, घरच्यांना तोंड दाखवता येतं. पण औषधही त्याच भावकीतलं असल्यामुळे सरकार त्याच्याकडे फार संशयाने बघतं. केंद्र चालवायला परवाना लागतो, तो दर वर्षी नवा करावा लागतो, आणि त्यासाठी एकशे चौऱ्याऐंशी नियम आहेत. मिलीबाईला ते सगळे तोंडपाठ. नवऱ्याचा वाढदिवस मात्र तिला दर वर्षी नवऱ्याला विचारावा लागतो.

तिचा सगळ्यात लाडका नियम एकसष्टावा. रुग्णाने औषध प्यायल्यावर त्याला खिडकीशीच बोलायला लावावे, म्हणजे औषध गालात धरून बाहेर नेऊन विकायची कुणाची हिंमत होणार नाही. त्यासाठी नोंदवहीत रकानाच आहे : 'रुग्ण बोलला का?' जगातल्या बाकी सगळ्या केंद्रांत परिचारिका विचारते, "काय, बरं ना?" रुग्ण म्हणतो, "हो." रकान्यात 'हो' पडतं आणि पुढचा माणूस येतो. पण मिलीबाईला हे पटेना. तिने घरी तोंडात पाणी धरून आरशासमोर प्रयोग केला. 'हो' म्हणता येतं. 'नाही' म्हणता येतं. 'बरं आहे' थोडं गळतं. "काल आमच्या शेजाऱ्यांनी नवीन पंखा आणला" हे वाक्य मात्र तिसऱ्या शब्दाला फुटलं, आणि समोर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याचा पेपर भिजला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर फर्मान निघालं. निदान पाच शब्दांचं पूर्ण वाक्य. कालचं आज चालणार नाही, कारण सवयीचं वाक्य माणूस तोंडात गोटी ठेवूनही म्हणतो. आणि नुसतं 'हो' लिहिणं हा काही पुरावा नव्हे, तेव्हा बोललेलं वाक्य जसंच्या तसं रकान्यात उतरवलं जाईल. रकाना होता दोन बोटं रुंद. मिलीबाईने अक्षर बारीक केलं.

सुरुवातीला रांगेची पाचावर धारण बसली. नशेशी दोन हात केलेली माणसं, पण रोज नवं वाक्य कुठून आणायचं म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. लोक घरून तयारी करून येऊ लागले. रांगेत मागचा पुढच्याला विचारी, "तुझं काय आहे आज?" चार नंबरचा शिंपी मुलखाचा अबोल. तो म्हणाला, "आज माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही." ते लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजही माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही." मिलीबाईने चष्म्यावरून पाहिलं, 'ही' मोजला आणि चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, "बाई, माझी बायको सांगते की मी लग्नात सुद्धा बोललो नव्हतो." पुढे तर एका पठ्ठ्याने रांगेच्या टोकाला उभं राहून एका चहाच्या बदल्यात एक वाक्य देण्याचा धंदा सुरू केला. मिलीबाईने तो एका वाक्यातच बंद पाडला.

नऊ नंबर मात्र या कामाला जन्मलेला. निवृत्त बस ड्रायव्हर. त्याने घराच्या गच्चीवर बोट बांधायला घेतली होती, आणि तिची हकीकत तो रोज एका वाक्याने पुढे सरकवायचा. "बाई, बोटीच्या फळ्या आल्या, पण आमच्या हिला अजून सांगितलेलं नाही." "बाई, तिला कळलं." "बाई, बोट पूर्ण झाली आणि आता लक्षात येतंय की जिना अडीच फुटांचा आहे." दुसरं वाक्य तीनच शब्दांचं होतं, पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघून मिलीबाईने नियम वाकवला. सगळ्या नोकरीत वाकवलेला हा तिचा पहिला नियम, असं ती सांगते.

ते खरं नाही. एक आणखी होता, आणि तो रोज वाकत होता. त्याचा नंबर सतरा.

सतरा नंबर तिचा सख्खा धाकटा भाऊ. आणि नियम क्रमांक अठ्ठ्याण्णव स्पष्ट सांगतो, की औषध देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असता कामा नये. मिलीबाईचं आडनाव लग्नानंतरचं, त्याचं माहेरचं, त्यामुळे कागदावर कुठे काही दिसत नव्हतं. नाक दोघांचं एकाच साच्यातलं, पण नाकाचा रकाना अर्जात नाही. दर वर्षी परवान्याच्या वेळी 'कर्मचाऱ्यांपैकी कुणी रुग्णांचे नातेवाईक नाहीत' या ओळीखाली डॉक्टर न वाचता सही ठोकायचे. मिलीबाई कधी खोटं बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

भांडण झालं होतं ते दारावरून. आईवडील गेल्यावर ती, नवरा आणि भाऊ जुन्या घरात एकत्रच राहत होते. भाऊ तेव्हा नशेत पुरता वाहवला होता. मिलीबाई नवऱ्याला घेऊन तीन दिवसांसाठी परगावी गेली. गेली कुठे, तर परवान्याच्या नियमांच्या प्रशिक्षणाला! परत आली तर घराला दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. चांगलं दोन माणसांना उचलेल न उचलेल असं जुनं जाड दार भावाने बिजागऱ्यांसकट विकलं होतं आणि स्वतः उंबऱ्यावर आडवा पडून झोपला होता. ती त्याला ओलांडून आत गेली, स्वतःचे कपडे भरले, नवऱ्याला भरायला लावले, आणि पुन्हा त्याला ओलांडून बाहेर आली. महिनाभर त्या घराला चादर लावलेली होती म्हणे. तिने जाऊन पाहिली नाही. त्यानंतर भावाशी तिने एक शब्द टाकला नाही.

सहा महिन्यांनी तोच भाऊ हातात केसपेपर घेऊन खिडकीशी उभा राहिला. वाळून काटकी झालेला. तिने पेपर पाहिला, डोस पाहिला, पेला भरला. तो प्यायला. मग तिने इतर सगळ्यांना म्हणते तेच म्हटलं, "बोला."

त्याने रिकामा पेला कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "ताई, घराला आता नवीन दार बसवलं आहे."

तिने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "पुढचा."

याला आठ वर्षं झाली. भाऊ सावरला, सायकलच्या दुकानात कामाला लागला, अंगावर मूठभर मांस चढलं. रोज एक वाक्य येई. "ताई, मोरीचा पाइप बदलला मी काल." "ताई, मालकाने दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली आहे." ती लिहून घेई. 'बोला' आणि 'पुढचा', याखेरीज एक अक्षर नाही. पण रविवारी तिची सुट्टी असे, औषध द्यायला रविवारवाला म्हणून ओळखला जाणारा कंपाउंडर बसे, आणि रविवारी मिलीबाई घरभर भांडी आपटत हिंडे. नवऱ्याला कारण ठाऊक होतं. आठवड्यात सहा वाक्यं, एवढंच तिचं माहेर उरलं होतं. ते एकसष्टाव्या नियमावर उभं होतं आणि अठ्ठ्याण्णवाव्या नियमाच्या विरुद्ध होतं.

यंदा परवान्याचा अर्ज नवा आला. गुलाबी कागदावर. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतः लिहून द्यायचं होतं : माझे कुणी नातेवाईक येथे उपचार घेत आहेत किंवा नाहीत. खाली सही. शुक्रवारी परवान्याची मुदत संपत होती. गुरुवारी तपासनीस येणार होता. त्याने नाही म्हटलं तर शनिवारी औषधाच्या कपाटाला सील, आणि त्रेपन्न जणांना दुसरं केंद्र बसने चार तासांवर.

डॉक्टर स्वभावाने देवमाणूस, पण तपासनीस म्हटलं की त्यांचं धाबं दणाणायचं. गुरुवारी सकाळी ते तीन वेळा दाढी करून आले असावेत असे दिसत होते. "बाई, तेवढी गुलाबी कागदावर सही करून टाका," ते म्हणाले.

"करते," मिलीबाई म्हणाली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

तपासनीस आला. बारकासा माणूस, हातात भली मोठी बॅग, आणि बॅगेत टेप, थर्मामीटर, टॉर्च, ओळंबा आणि दोन केळी. तोंडावरची माशी हलेल तर शपथ. आल्या आल्या त्याने खिडकीच्या कठड्याची उंची मोजली. नियमात एकशे दहा सेंटिमीटर, कठडा एकशे बारा. डॉक्टरांनी याची तजवीज करून ठेवली होती. खिडकीखाली दोन सेंटिमीटर जाडीचं पायपुसणं अंथरलं होतं. तपासनिसाने पायपुसण्यावरून मोजलं, एकशे दहा. मग पायपुसणं उचलून मोजलं, एकशे बारा. मग पायपुसण्याकडे बघत बराच वेळ विचार केला.

"हे कायमचं आहे का?"

"कायमचं, साहेब," डॉक्टर म्हणाले.

"मग खिळे मारा."

खिळे मारले गेले. आजही त्या पायपुसण्यावर कुणाला पाय पुसता येत नाहीत, कारण ते अर्धं उखडलेलं आहे आणि लोक अडखळतात.

पुढे औषधाचं कपाट. नियम असा, की ते दोन माणसांना उचलता येऊ नये. आता हे तपासायचं कसं? तपासनीस सरळ माणूस. त्याने बाह्या सरसावल्या, एका बाजूला स्वतः उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरांना उभं केलं. "एक, दोन, तीन!" कपाट जागचं हललं नाही. डॉक्टरांची कंबर मात्र हलली, ती जिथे गेली तिथून परत येईना. त्यांना तसंच काटकोनात बाकावर नेऊन ठेवलं. तपासनिसाने वहीत लिहिलं : कपाट उचलले गेले नाही. समाधानकारक.

मग त्याने नोंदवह्या मागितल्या.

मिलीबाईने आठ वर्षांच्या वह्यांची चळत त्याच्यापुढे ठेवली. त्याने पहिली उघडली, 'रुग्ण बोलला का?' या रकान्यावर बोट ठेवलं आणि चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"सिस्टर, इथे हो किंवा नाही लिहायचं असतं."

"हो म्हणताना गालात औषध राहू शकतं, साहेब. मी करून बघितलंय."

"पण हे... 'आमच्या सासूबाईंनी माझ्या चपला घालून फिरायला सुरुवात केली आहे.' हे काय आहे?"

"बावीस नंबर. त्या दिवशीचं वाक्य."

"ही शासकीय नोंदवही आहे, सिस्टर!"

"म्हणून तर खरं लिहिलंय."

तपासनिसाने पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. दहा मिनिटांनी त्याने खुर्ची उजेडाकडे सरकवली. अर्ध्या तासाने एक केळं सोललं आणि खायचं विसरला. जेवणाची वेळ टळून गेली. रविवारवाला, जो इतर दिवशी आतल्या खोलीत साठा मोजतो, चहा घेऊन गेला तर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "या नऊ नंबरचं रविवारी काय झालं? शनिवारी बोट दोराने गच्चीवरून खाली सोडायला घेतली होती. रविवारच्या रकान्यात नुसतं 'हो'. सोमवारी एकदम 'शेजाऱ्यांनी खिडकीची काच मागितली आहे'. मधलं कुठे आहे?"

"रविवारी मी असतो साहेब," रविवारवाला अभिमानाने म्हणाला. "मी नियमाप्रमाणे लिहितो."

तपासनिसाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्या बिचाऱ्याला पुढे कित्येक दिवस कळली नाही.

मिलीबाई दाराशी उभी राहून बघत होती. साहेब हसत होते, हे तिला दिसत होतं. गुलाबी कागदावर 'नाहीत' लिहून टाकलं असतं तर काम तिथल्या तिथे फत्ते झालं असतं. तिने ड्रॉवर उघडला, कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. 'ना' पर्यंत आलीही. आणि हात थांबला. एकोणीस थेंबांचा हिशोब ठेवणारी बाई ती, तिला खोटं लिहिता येईना. पण खरं लिहायचं तर सतरा नंबर हातचा गेला. आठवड्याची सहा वाक्यं गेली. आणि साहेब बिथरले तर बाकीच्या बावन्न जणांचं औषधही गेलं. एवढ्यात आतून हाक आली.

"सिस्टर, हा सतरा नंबर तुम्हाला ताई का म्हणतो? बाकी सगळे तर बाई म्हणतात."

मिलीबाईने कागद टेबलावर ठेवला. "कारण मी त्याची ताई आहे," ती म्हणाली.

बाकावर काटकोनात पडलेल्या डॉक्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो कंबरेचा की परवान्याचा, हे कळायला मार्ग नव्हता.

तपासनीस ताठ बसला. बारा वर्षांच्या नोकरीत त्याला पायपुसणी आणि थर्मामीटर यापलीकडे काही सापडलं नव्हतं. आज अस्सल नियमभंग समोर उभा होता आणि तोही आपणहून. "आठ वर्षं?" त्याने विचारलं. "रोज?"

"रविवार सोडून."

"आणि त्याचा सगळा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने, तारीखवार लिहून ठेवलाय?"

"वेळही लिहिली आहे, साहेब. डाव्या बाजूला."

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तक म्हणत होतं, की असं नातं आढळल्यास त्या नातेवाइकाला काही सवलत दिली गेली का, ते पाहावे. दिली असल्यास परवाना रद्द. मग ते सवलत शोधायला बसले. आठ वर्षांच्या वह्या चाळल्या. सतरा नंबरला एक थेंब कधी जास्त गेला नव्हता. उलट, चार मिनिटं उशिरा आला म्हणून त्याला एकदा परत पाठवलं होतं. वाक्यात चारच शब्द भरले म्हणून सहा वेळा रांगेच्या शेवटी उभं केलं होतं. नऊ नंबरला तीन शब्द चालले होते, याला नाही. एकदा तो तापाने फणफणलेला असताना "ताई, आज बोलवत नाही" म्हणाला, तर पुढे कंसात लिहिलं होतं : चार शब्द. पुन्हा सांगितले.

"सिस्टर," साहेब हळूच म्हणाले, "सवलत कसली, तुम्ही तर या माणसाचा छळ केलाय."

मिलीबाईचे डोळे भरून आले. "नियमात बसेल एवढाच केला," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. परवाना मिळाला, तीन अटींवर. एक, पायपुसणं हलवायचं नाही. दोन, उद्यापासून रकान्यात फक्त हो किंवा नाही. रुग्णांच्या घरच्या गोष्टी सरकारी कागदावर नकोत. तीन, सतरा नंबरला औषध दुसऱ्या खिडकीतून, दुसऱ्या माणसाने द्यायचं. डॉक्टरांनी झोपूनच सही केली आणि झोपूनच साहेबांचे आभार मानले. काम संपल्यावर साहेब निघाले ते थेट बस स्टॉपवर गेले नाहीत. फाटकाबाहेर नऊ नंबरच्या घराचा पत्ता विचारताना त्यांना शिंप्याने पाहिलं. पण शिंप्याने ते कुणाला सांगितलं नाही, कारण उद्यापासून त्याला वाक्य लागणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सगळं नियमाप्रमाणे होतं. आतल्या खोलीची छोटी खिडकी उघडली होती आणि डॉक्टरांनी तिच्यावर घाईने पाटी लावली होती : खिडकी क्रमांक दोन, फक्त नातेवाईक. तिच्यासमोर रांग एका माणसाची. तिथे रविवारवाला बसला होता. पहिल्या खिडकीशी मिलीबाई. रुग्ण पीत होते, ती "बोला" म्हणत होती, ते सवयीने वाक्य सांगत होते आणि ती 'हो' लिहीत होती. दोन बोटांच्या रकान्यातही ते 'हो' अगदी उघडंबोडकं दिसत होतं.

सोळा नंबर झाला. पलीकडून रविवारवाल्याचा आवाज आला, "काय, बरं ना?"

आणि भावाचा आवाज, "हो."

एवढंच. मिलीबाईने काचेतून पाहिलं तर तो फाटकाकडे चालला होता. शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली, एक बाजू वर, एक खाली. उद्या तो असाच जाणार. परवाही. आपल्याला कळणारसुद्धा नाही त्याच्याकडे काय चाललंय ते. आणि यात आता कुठल्याही नियमाची मदत होणार नाही, हे तिला लख्ख समजलं.

खिडकीत अठरा नंबर उभा होता. मिलीबाईने बाटली कपाटात ठेवली, दोन्ही कुलपं लावली, बाहेर जाण्याच्या वहीत वेळ लिहिली, आणि 'कारण' या रकान्यापाशी थांबली. तिने तो रिकामा सोडला. मग पायपुसण्याला अडखळून, सावरून, ती फाटकाकडे धावत सुटली. पन्नाशीच्या बाईने धावावं तशी, एक हात चष्म्यावर ठेवून. रांग बघतच राहिली.

तिने त्याला रस्त्यावर गाठलं. तो वळला. आठ वर्षं तिने रोज त्रेपन्न माणसांना बोलतं केलं होतं, आणि आता तिची स्वतःची बोलती बंद झाली. काय म्हणायचं, ते तिने ठरवलंच नव्हतं.

"तुझी बटणं चुकली आहेत," ती शेवटी म्हणाली.

तो खाली बघून बटणं काढायला लागला.

"रस्त्यात नको!"

त्याने हात खाली घेतले. मग हसला. "सहा शब्द झाले बघ तुझे," तो म्हणाला. "दोन्ही मिळून."

"सायकलच्या दुकानात गणित शिकवतात वाटतं."

"ताई, तुला एक सांगायचं होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं ना! रोज विचारत होते की मी. रोज!"

"तू पेन घेऊन बसायचीस," भाऊ म्हणाला. "तारीखवार लिहायचीस. घरातलं असं सरकारी वहीत कसं सांगणार? म्हणून मग मोरीचा पाइप सांगायचो."

मिलीबाईने हाताकडे पाहिलं. पेन हातातच होतं. तिने ते चटकन पाठीमागे लपवलं. "सांग आता," ती म्हणाली.

"दार विकलं ना मी. चुकलंच माझं ते. पण विकल्यावर माझ्या लक्षात आलं की आता घर उघडं पडलं. तुझं कपाट आत होतं, चोर आले तर? म्हणून मी दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिलो. कुठे गेलो नाही. राखण करत होतो, ताई. तू आलीस, तेव्हा नेमका डोळा लागला होता."

आधी मिलीबाईला हसू आलं. दार विकायचं आणि मग घराची राखण करायची! असा राखणदार त्रिभुवनात मिळायचा नाही. ती हसायला लागली आणि हसता हसता तोंडाला पदर नव्हता म्हणून बाही लावून रडायला लागली. आठ वर्षं तिला वाटत होतं, तो नशेत पालथा पडला होता.

"मी तुला ओलांडून आत गेले रे," ती म्हणाली. "आणि ओलांडून बाहेर आले."

"हो. जाताना माझ्या हातावर पाय दिलास."

"दुखलं होतं?"

"तेव्हा नाही. तेव्हा मला काहीच दुखत नव्हतं." त्याने वरचं बटण चाचपलं. "दुसऱ्या दिवशी दुखलं."

"कुठला हात?"

त्याने डावा पुढे केला. वंगणाने काळा झालेला, बोटं फुटलेली. आठ वर्षांपूर्वीची सूज आता कुठे दिसणार होती? पण मिलीबाईने तो हात उजेडाकडे वळवला, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि एकेक बोट दाबून पाहिलं. फाटकातून अठरा नंबर ओरडला, "बाई, औषध! कामावर जायचंय!"

"थांब जरा," मिलीबाई म्हणाली आणि भावाचा दुसरा हात मागितला.